बडोद्याहून जर्मनीला शिकायला जाताना: नावापासून पहिल्या परीक्षेपर्यंत

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेतून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी ड्रेस्डेनला पदव्युत्तर शिक्षणासाठी आले, त्याला आता दोन सत्रे झाली. दांडिया बाजारातील आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या मुलांचे आणि मैत्रिणींच्या धाकट्या भावंडांचे फोन अधूनमधून येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणते विद्यापीठ चांगले?’ माझ्या मते या प्रश्नाची पाळी पुष्कळ नंतर येते. आधी घरातले कपाट उघडून, जन्मदाखल्यापासून आधार कार्डापर्यंत सगळे कागद जमिनीवर पसरून, त्या प्रत्येकावर तुमचे आणि आईवडिलांचे नाव अक्षर न् अक्षर सारखे आहे का, हे पाहावे.

नाव एक करून घ्या

गुजरातमधील मराठी घरांत हा घोळ बहुधा असतोच. इथल्या कागदांवर वडिलांच्या नावाला ‘भाई’ किंवा ‘कुमार’ आणि आईच्या नावाला ‘बेन’ जोडण्याची रीत आहे. शाळेच्या कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे, असा क्रम असतो, तर पासपोर्टावर आडनावाचा रकानाच वेगळा असतो. शिवाय मूळ नोंद गुजरातीत झालेली असल्यामुळे तिचे इंग्रजी रूप लिहिणाऱ्याने आपल्या कानाला पटेल तसे केलेले असते. माझ्या आडनावातल्या ‘व’साठी दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘व्ही’ होता आणि पासपोर्टावर ‘डब्ल्यू’. बाबांच्या नावाला एका कागदावर ‘भाई’ होते, दुसऱ्यावर नव्हते. बडोद्यात वावरताना यातले काहीच कधी अडले नव्हते, कारण इथल्या प्रत्येक खिडकीमागच्या माणसाला ‘भाई’ म्हणजे काय हे ठाऊक असते. परदेशी कार्यालयात कागद तपासणाऱ्याला मात्र ती दोन वेगळी नावे दिसतात.

दहावीची गुणपत्रिका आणि पासपोर्ट या दोन कागदांपासून सुरुवात करावी. पदवीपर्यंतची सारी प्रमाणपत्रे दहावीवरच्या नावाच्या मागे चालत आलेली असतात, म्हणून शक्य असेल तिथे पासपोर्ट तिच्याशी जुळवून घेणे सोपे पडते. फरक फक्त ‘भाई’चा किंवा क्रमाचा असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेऊन ते प्रत्येक अर्जाला जोडावे. आडनावाचे स्पेलिंगच वेगळे असेल, तर पासपोर्ट नव्याने काढण्याची तयारी ठेवावी. मला यात पाच आठवडे लागले. ते आठवडे मी आधीच्या उन्हाळ्यात घालवले म्हणून निभावले. तोच घोळ जानेवारीत लक्षात आला असता, तर वर्ष वाया गेले असते.

तारखा उलट्या मोजा

जर्मनीत हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते आणि व्याख्याने साधारण दुसऱ्या आठवड्यापासून. अनेक सार्वजनिक विद्यापीठांत अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै असते, आणि ती वाचून आपल्याकडची मुले निवांत राहतात. पण जुलैत अर्ज केला, ऑगस्टअखेर प्रवेश मिळाला आणि व्हिसाला दोन-तीन महिने लागले, तर तुम्ही पोहोचेपर्यंत नाताळ येतो. म्हणून ज्या अभ्यासक्रमांचे अर्ज मार्च ते मे या काळात बंद होतात, त्यांना यादीत वरचे स्थान द्यावे. इंग्रजीतून शिकवले जाणारे अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रम याच गटात येतात. डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या संकेतस्थळावर ते भाषा, विषय आणि शुल्क यांनुसार शोधता येतात.

तिथून मागे मोजत आले, की चित्र असे दिसते. मार्चमध्ये अर्ज करायचा तर जानेवारीपर्यंत एपीएस या दिल्लीतील कागदपत्र-तपासणी केंद्राचे प्रमाणपत्र हाती हवे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी ते बंधनकारक आहे आणि बरीच विद्यापीठे ते प्रवेश अर्जासोबतच मागतात. हे केंद्र तुमची शैक्षणिक कागदपत्रे तपासते, त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे, आणि गर्दीच्या दिवसांत निकाल यायला काही महिनेही लागू शकतात. म्हणून तो अर्ज दिवाळीच्या आधी गेलेला बरा. त्याआधी आयईएल्टीएससारखी इंग्रजीची परीक्षा व्हायला हवी, जिचे गुण दोन वर्षे चालतात. आणि या सर्वांच्या आधी नाव. म्हणजे ऑक्टोबरमध्ये विमानात बसायचे असेल, तर आदल्या वर्षीच्या जून-जुलैत कपाट उघडलेले असावे.

अलकापुरीत आणि रेसकोर्सच्या रस्त्यावर परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांच्या पाट्या ओळीने दिसतात. त्यांच्याकडे जाऊ नये असे माझे म्हणणे नाही, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. अनेक सल्लागारांना विद्यार्थी पाठवल्याबद्दल खासगी संस्थांकडून कमिशन मिळते, आणि जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठे ते देत नाहीत. तुमच्यासमोर ठेवलेल्या यादीत एकही सार्वजनिक विद्यापीठ नसेल, तर त्याचे कारण तुमचे गुण असतीलच असे नाही.

गुणांचे गणित आणि अभ्यासक्रमाची पाने

जर्मनीत १.० हे सर्वोत्तम गुण, ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. आपले गुण या मापात बसवण्यासाठी तिथली विद्यापीठे जे सूत्र वापरतात, ते घरी बसून मांडता येते. सर्वोच्च शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करावेत. सर्वोच्च गुणांतून उत्तीर्ण होण्याचे किमान गुण वजा करावेत. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागून, तीनने गुणून त्यात एक मिळवावा. दहापैकी ८.२ सरासरी असेल आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४ असेल, तर १.८ भागिले ६ म्हणजे ०.३, त्याची तिप्पट ०.९ आणि अंतिम गुण १.९. हीच मर्यादा ५ धरली गेली, तर तोच विद्यार्थी २.०८ वर जातो. बऱ्याच अभ्यासक्रमांची अट २.५ च्या आसपास असते, त्यामुळे काठावरच्या मुलांचे भवितव्य या एका आकड्यावर ठरू शकते. तुमच्या विद्यापीठाची उत्तीर्णतेची मर्यादा ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सर्व सत्रांच्या एकत्रित गुणपत्रिकेवर, स्पष्ट छापलेली आहे का ते पाहावे, आणि नसेल तर परीक्षा विभागाकडून तसे पत्र मागून घ्यावे.

गुणांइतकेच महत्त्व अभ्यासक्रमाच्या तपशिलाला आहे, आणि याविषयी आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. गणित किती, यंत्रशास्त्र किती, उष्मागतिकी किती, हे प्रवेश समिती विषयवार मोजते. एखाद्या विषयाचे श्रेयांक (क्रेडिट) कमी भरले, तर सरासरी उत्तम असूनही नकार येतो. मी चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका घेऊन, प्रत्येक विषयाचे तास आणि प्रकरणे यांचा एक तक्ता केला आणि ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा, त्याच्या अटींपुढे आपले विषय मांडत गेले. आमच्या विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात बसून हे करायला मला आठ दिवस लागले. त्यातून नऊ विद्यापीठांची यादी चारवर आली आणि त्या चारांपैकी तिघांनी प्रवेश दिला. अर्ज उनी-असिस्ट या सामाईक संस्थेमार्फत असेल, तर पहिल्या अर्जाला ७५ आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात, तेव्हा यादी लहान झाल्याने पैसेही वाचतात.

पैसा

बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते. सत्राचे अंशदान तेवढे भरावे लागते. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे.

खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. तो तुम्ही पेलू शकता हे दाखवण्यासाठी व्हिसाआधी एका बंदिस्त खात्यात वर्षाची रक्कम भरून ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली, आणि त्यातून तुम्हाला दरमहा ९९२ युरोच काढता येतात. अर्जाच्या दिवशी ताजा आकडा जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. महिन्याला ठरावीक रक्कम हाती येण्याची ही रीत बडोद्याला अनोळखी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तीही दरमहा साडेअकरा पौंड अशीच होती. इतक्या पैशांत परक्या देशात महिना कसा काढला असेल, हा विचार मी इथे आल्यावर अनेकदा केला आहे, आणि प्रत्येक वेळी माझा हिशेब अधिक काळजीपूर्वक लिहिला आहे.

कर्ज घेणार असाल, तर तारण ठेवायच्या घराचे कागद प्रवेशाची वाट न पाहता बाहेर काढावेत. दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांतील जुनी मराठी घरे अजून आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर आहेत, वारसनोंद राहून गेलेली आहे, आणि बँकेचा वकील घराची मालकी (टायटल) तपासायला बसला की नेमके तिथेच अडते. आमच्या घरावर आजोबांसोबत त्यांच्या दोन भावांची नावे होती. काकांच्या आणि आत्यांच्या सह्या गोळा करण्यापेक्षा बाबांनी कारेलीबागेतील लहान फ्लॅट तारण ठेवला आणि दोन महिने वाचवले.

रक्कम पाठवताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली टीसीएसची, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना बँक आधीच कापून घेते त्या कराची. शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस कापला जात नाही. स्वतःच्या बचतीतून पाठवले तर आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या भागावर कापला जातो आणि विवरणपत्र भरून तो परत मिळवावा लागतो. बंदिस्त खात्याची रक्कमच ही मर्यादा ओलांडते, म्हणून पैसे कोणाच्या खात्यातून आणि केव्हा पाठवायचे हे बँकेत बसून आधी ठरवावे. दुसरी गोष्ट लहान आहे, पण तिने मला नऊ दिवस जागे ठेवले. मी बरोबर ११,९०४ युरो पाठवले होते, वाटेतल्या एका बँकेने आपला आकार कापला आणि खात्यात १८ युरो कमी पोहोचले. रक्कम पूर्ण भरल्याशिवाय पुष्टिपत्र मिळत नाही. उरलेले १८ युरो पाठवायला पुन्हा तेच फॉर्म, तेच शुल्क आणि तोच वेळ. बँकेत ‘सगळा आकार पाठवणाऱ्याकडे’ असे लिहून घ्यावे आणि वर पन्नासेक युरो जास्त पाठवावेत. जास्तीचे पैसे तुमचेच राहतात.

व्हिसा आणि सामान

गुजरात मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. प्रवेशपत्र, एपीएस, बंदिस्त खात्याचे पुष्टिपत्र, विमा आणि हेतुपत्र हे मुख्य कागद. हेतुपत्रात हाच अभ्यासक्रम का आणि तो तुमच्या पदवीशी कसा जोडला जातो, हे साध्या शब्दांत लिहावे. इंटरनेटवरचे तयार नमुने वापरू नयेत, कारण प्रत्यक्ष विचारले गेल्यावर दुसऱ्याची वाक्ये तोंडी येत नाहीत. व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट काढू नये.

सामानाबद्दल आई आणि आजी यांचा उत्साह मोठा असतो, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवावे: युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. घरचे तूप त्यात मोडते. गोडा मसाला, मेतकूट आणि लहान कुकर आणावा. डाळ, तांदूळ आणि हिंगसुद्धा इथल्या आशियाई दुकानांत मिळतो. मूळ कागदपत्रे मात्र हातातल्या पिशवीतच ठेवावीत.

पहिले पंधरा दिवस

खोलीचा शोध प्रवेशपत्र येताच सुरू करावा. विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहांत भाडे सर्वांत कमी असते आणि प्रतीक्षायादी सर्वांत लांब. काही ठिकाणी प्रवेश निश्चित होण्याआधीही तिथे नाव नोंदवता येते, ते अवश्य नोंदवावे. जाहिरातीत ‘काल्ट’ भाडे दिसले तर त्यात तापवण्याचा आणि इतर खर्च नसतो. ‘वार्म’ भाड्यात तो धरलेला असतो. अनामत तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापर्यंत असू शकते. घर न पाहता, करार न करता, ‘चावी कुरिअरने पाठवतो’ म्हणणाऱ्याला एक युरोही पाठवू नये. असे फसवणारे लोक नव्या विद्यार्थ्यांच्या शोधातच असतात.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. तिच्यासाठी घरमालकाने सही केलेले, तुम्ही इथे राहायला आल्याचे पत्र हवे, म्हणून खोली ठरवतानाच ‘हे पत्र देणार ना?’ असे विचारून घ्यावे. आनमेल्डुंगवर पुढचे सगळे अवलंबून असते: चालू खाते, त्या खात्यात बंदिस्त खात्यातून येणारे मासिक पैसे, करक्रमांक आणि व्हिसाची मुदत संपण्याआधी काढायचा निवास परवाना. पहिले मासिक पैसे यायला महिनाही लागू शकतो, तेव्हा दीड-दोन महिन्यांचा खर्च कार्डावर किंवा रोख जवळ ठेवावा.

आणि इथे नावाचा प्रश्न पुन्हा येतो. जर्मनीत खोली क्रमांकाने टपाल येत नाही. घंटीवर आणि पत्रपेटीवर जे आडनाव असेल, त्याचेच टपाल पेटीत पडते. मी आले तेव्हा पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव होते. विमा कंपनीचे पत्र आणि बँक कार्डाचा पिन, दोन्ही परत गेले, आणि मला मात्र वाटत राहिले की कार्यालयेच उशीर करत आहेत. शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजींनी मला जिन्यात थांबवून पेटीकडे बोट दाखवले आणि कागदाची पट्टी, कात्री, चिकटपट्टी घेऊन स्वतः खाली आल्या. पोहोचल्या दिवशी पेटीवर आपले आडनाव पासपोर्टातल्या स्पेलिंगनेच लावावे.

तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना सार्वजनिक आरोग्य विमा दरमहा साधारण १४० ते १५० युरोंना पडतो, आणि तो झाल्याशिवाय विद्यापीठात नावनोंदणी पूर्ण होत नाही. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-भाजी आणून ठेवावी. इंग्रजीतून शिकणार असलात, तरी बडोदे सोडण्याआधी जर्मनचे दोन स्तर शिकून यावेत. वर्गात त्याची गरज पडणार नाही, पण कार्यालयात, दवाखान्यात आणि जिन्यातल्या आजींशी बोलताना पडेल. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत हिंदी आणि इंग्रजी असे वाढलेल्या बडोद्याच्या मुलांना चुकत-माकत नवी भाषा बोलण्याची भीती तशी कमी असते, तिचा फायदा घ्यावा.

पहिले सत्र

वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी. टी.’ लिहिलेले असेल, तर व्याख्यान पंधरा मिनिटांनी सुरू होते, ‘एस. टी.’ असेल तर ठोक्याला. सत्राला साधारण ३० श्रेयांक घ्यायचे असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते. पुष्कळ विषयांत हजेरी घेतली जात नाही, अंतर्गत गुण नसतात आणि सगळे गुण शेवटच्या एका परीक्षेवर असतात. आपल्याकडे दर महिन्याला काहीतरी जमा करायची सवय असल्यामुळे ही मोकळीक पहिल्यांदा घात करते, कारण मागे पडल्याचे जानेवारीपर्यंत कुणीच सांगत नाही. मी दर शुक्रवारी दुपारी त्या आठवड्याची उदाहरणे सोडवून ठेवत गेले आणि त्याच सवयीने मला तारले.

नोकरी पहिल्या सत्रात शक्यतो करू नये. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. विद्यापीठातच सहायक म्हणून काम मिळाले तर ते या मर्यादेत मोजले जात नाही आणि अभ्यासाला धरूनही असते.

परीक्षेला बसण्यासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते, हे मात्र कुठे तरी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. विषयाला नाव नोंदवले म्हणजे परीक्षेला नाव गेले, असे इथे होत नाही. नोंदणीचे काही आठवडे ठरलेले असतात, ते गेले की त्या सत्रात परीक्षा नाही. माघार घेण्याचीही तारीख असते, आणि ती उलटून गेल्यावर गैरहजर राहिलात तर ५.० मिळून एक प्रयत्न खर्ची पडतो. प्रयत्न बहुतेक ठिकाणी तीनच असतात. प्रत्येक शाखेची फाखशाफ्ट नावाची विद्यार्थी मंडळी असते, त्यांच्याकडे या तारखा आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळतात. त्यांच्या खोलीत नोव्हेंबर संपण्याआधी एकदा जाऊन यावे, कारण डिसेंबरमध्ये तिथे रांग लागते.